पुढच्या रांगेतली कुजबुज

ती. मामांना,

वाकून नमस्कार. (पत्रात वाकलेलं दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. खरंच वाकले होते, पेन टेबलाखाली गेलं होतं.)

तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून त्या वरच्या खोलीतल्या वस्तूंची चौकशी खालूनच करतात? दुकान कसं चाललंय? लोक हल्ली रेडिओ आणि स्पीकर दुरुस्तीला आणत नाहीत, सरळ नवे घेतात, हे तुमचं दुःख मी आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगते. परवा आमच्या साहेबांनी ते डोळे मिटून, मान हलवत ऐकलं आणि संध्याकाळी जाऊन नवा फोन घेतला. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेलाय. पत्र वाचून झालं की तो ठेवायचा की खोडायचा ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही फोनवर विचारलंत, "काय मग, गाण्याचे पैसे वसूल झाले का?" आणि मी "हो, हो, छान झालं" म्हणून घाईने फोन ठेवला. मी रागावले असं मामींना वाटलं, असं कळलं. रागावले नव्हते, मामा, घाबरले होते. आई समोरच बसून बटणं लावत होती. तिला फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही, पण हल्ली ती ओठ वाचायला लागली आहे. कुणी शिकवलं नाही, आपोआप जमलंय. त्यामुळे तिच्याबद्दल काही बोलायचं तर मला भिंतीकडे तोंड करावं लागतं, आणि भिंतीकडे तोंड केलं की ती विचारते, "भिंतीला काय सांगतेस ते मलाही सांग." म्हणून हे पत्र. लांबलं तर चहा दोनदा करा, पण शेवटपर्यंत वाचा.

आईच्या कानांचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो होतो. ते बराच वेळ समजावून सांगत होते आणि आई प्रत्येक वाक्याला समंजसपणे मान हलवत होती. (इतकी समंजस मान मी कॉलेजातल्या व्याख्यानांतही कधी हलवली नाही.) बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "काय म्हणाला गं?" मी सांगितलं. कपड्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं यंत्रांच्या रांगांमध्ये बसून कान गेले आहेत. बारीक आवाज आधी गेले, आता जाडही चाललेत. कानात लावायचं यंत्र आत्ताच घ्यायला हवं, कारण शब्द पकडायची सवय एकदा सुटली की नंतर कितीही भारी यंत्र लावलं तरी नुसता गोंगाट ऐकू येईल, शब्द येणार नाहीत. आईने हे सगळं ऐकून (म्हणजे माझ्या तोंडाकडे पाहून) घेतलं आणि म्हणाली, "तो डॉक्टरच पुटपुटतो. त्याला म्हणावं, आधी स्वतःचा घसा दाखव."

तेव्हापासून हेच चालू आहे. दाराची घंटा वाजली नाही, कारण ती बिघडली आहे. शेजारीण काय म्हणाली ते कळलं नाही, कारण तिला दात नाहीत. बातम्या देणारी मुलगी नवी आहे. एकूण काय, हल्ली सगळी दुनियाच पुटपुटायला लागली आहे, आणि आईला तिची कीव येते. मी हसते. पण मामा, ती रस्ता कसा ओलांडते ते तुम्ही पाहिलेलं नाही. मध्यावर पोचते आणि तिथे उभी राहून पिशवीत काही विसरलंय का ते बघते. मागून मोटार येते, भोंगा वाजवते, आणि आई रिळं मोजते. मी फुटपाथवर उभी राहून हात हलवते, तीही मला हात हलवते. ऑफिसात कुठलाही फोन वाजला की पहिला विचार तोच येतो. पाण्याचा नमुना हातात असेल तर तो हिंदकळतो आणि साहेब म्हणतात, "आज पाण्यात भूकंप झालाय का?"

अशात बातमी आली की टेपवाल्या बाई आमच्या गावात गाणार. बाहेरच्या जगात त्या मोठ्या गायिका आहेत, पण आमच्या घरात त्यांचं नाव टेपवाल्या बाईच. कारण घरात टेप एकच, आणि ती त्यांची. तुम्हीच तुमच्या तबकडीवरून भरून दिलेली. आणि तिची चिरफाडही तुमच्याच हातची, हे मी नम्रपणे नोंदवते. मी लहान होते, टेपरेकॉर्डरने टेप गिळली होती, आणि तुम्ही तो गुंता बाहेर ओढून, चुरगळलेला भाग आईच्या कापडाच्या कात्रीने कापून टाकलात आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडलीत. टेप चालली. कात्रीबद्दल मात्र तुम्हाला अजून माफी नाही. आजही कापड वाकडं कापलं गेलं की आई म्हणते, "भावाने धार घालवली."

त्या जोडामुळे आमच्या घरी ते गाणं असं आहे. बाई म्हणतात, 'खिडकीपाशी बसून मी ऊन शिवते', मग एक 'टक', आणि लगेच, 'येताना थोडी सावली आण'. मधल्या ओळी गेल्या. इतकी वर्षं आम्ही हेच गाणं समजून चाललो. आई शिवताना ते गाते तेव्हा 'टक'च्या जागी तिची हनुवटी किंचित वर होते आणि पायडलवरचा पाय क्षणभर थांबतो. मला तर बरीच मोठी होईपर्यंत वाटायचं की प्रत्येक गाण्यात एक 'टक' असतोच. ते गाणं दुसरीकडे कुठे मिळत नाही. मधल्या ओळी तुम्ही एकदा फोनवर म्हणून दाखवणार होतात, पण मामींनी फोन काढून घेतला.

तर मी ठरवलं, आईला गाण्याला न्यायचं. त्यात माझा दुहेरी डाव होता, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. तिला ऐकू आलं, तर कान आहेत तोवर एकदा तरी तिने ते गाणं समोर बसून ऐकलं असं होईल. नाही आलं, तर तिचं तिलाच कळेल, मला भांडावं लागणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र घ्यायला जाऊ. दोन्हीकडून आपलीच जीत. (मला पदवी मिळाल्यापासून घरात सगळे म्हणतात, तू शिकलेली आहेस, तूच ठरव. याचे दुष्परिणाम कुणी अभ्यासलेले नाहीत.)

आता तिकिटाच्या दराबद्दल. मामा, तुम्ही म्हणता की एवढे पैसे टाकून पाय आखडून बसायचं, समोरच्याचं डोकं बघायचं, त्यापेक्षा घरी आपल्या खुर्चीत, आपल्या स्पीकरवर, पाय वर घेऊन ऐकावं. आमचे साहेबही तेच म्हणतात. डबा खाताना मी त्यांना सांगितलं की गाणारा माणूस सुरू करण्याआधी श्वास घेतो, तो श्वास समोर बसल्यावरच ऐकू येतो. आणि आपल्यासारखे लोक जायचे थांबले तर तिथे फक्त फोटो काढायला येणारे उरतील, मग गाणारेही हळूहळू त्यांच्यासाठीच गायला लागतील, म्हणून परवडत नसलं तरी अधूनमधून जाणं हे कर्तव्य आहे. साहेब म्हणाले, "पैसे भरताना तुझा श्वास ऐकू आला की सांग." मी चिडले, पण त्यांचंच खरं ठरलं. मागच्या रांगा आपल्या आवाक्यात होत्या. पण मागे बसून आईला काय ऐकू येणार? पुढची रांगच हवी. पुढच्या रांगेचा आकडा मी लिहीत नाही, कारण तुम्ही पत्र मामींना वाचून दाखवता. वर सेवा शुल्क, सुविधा शुल्क, आणि जागा निवडायचं निराळं शुल्क. जागा मी माझ्याच बोटाने निवडली, मग ते शुल्क कुणाच्या बोटाचं, हे मी त्यांना लिहून विचारलंय. उत्तर आलेलं नाही. बाबांना विचारलं तर ते लॉरीखालून म्हणाले, "दोघीच जा. मला बसल्या जागी झोप लागते, आणि एवढी महागडी झोप मला सोसणार नाही." आणि लांबच्या फेरीवर निघून गेले.

पैसे भरले त्या क्षणापासून मला दुसरीच भीती लागली. समजा तिला तिथे बसून खरंच काही ऐकू आलं नाही, आणि तिला ते सगळ्यांदेखत कळलं, तर? माझ्या हुशारीच्या डावात हा भाग मी धरलाच नव्हता. आई घरात रडली तर मला चहा करता येतो. सभागृहात काय करायचं?

दारातच पहिला प्रसंग घडला. पिशव्या तपासणाऱ्या बाईंनी आईच्या पर्समधून एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये मांडली. मापाची पट्टी, अंगुस्तान, दोन बॉबिन, टाचण्यांची डबी, आणि शेवटी ती कात्री. आई गाण्याला कात्री घेऊन आली होती, मामा. विचारलं तर म्हणाली, रस्त्यात कधी कुणाचं काय उसवेल सांगता येत नाही. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, कात्री आत नेता येणार नाही. आईने ते ओठांवरून बरोबर वाचलं आणि कात्री दोन्ही हातांनी धरली. "ही कापडाची आहे. कापडाशिवाय कशाला लावतच नाही मी."

"म्हणूनच ठेवून घेते. जाताना न्या."

"हिने कागद कापायचा नाही हं."

"नाही कापत, मावशी. जा आता, मागे लोक थांबलेत."

शेवटी कात्री लायटरांच्या आणि चाकूंच्या सहवासात राहिली आणि आई वळून वळून बघत आत आली. पाण्याची बाटलीही काढून घेतली, कारण पाणी आत विकत मिळतं. त्या इमारतीच्या नळाचा नमुना मीच नुकताच तपासलाय, पाणी उत्तम आहे. पण नळ कुठे आहे ते तिथे कुणीही सांगत नाही. मी चार जणांना विचारलं, चौघांनी दुकानाकडे बोट दाखवलं.

आम्ही बसलो. खुर्ची इतकी मऊ होती की आईने आधी तिचं कापड चिमटीत धरून पाहिलं. दिवे मंदावले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक मोठाच धोका मी विचारातच घेतला नव्हता. आईची कुजबुज. ज्याला कमी ऐकू येतं त्याची कुजबुज केवढी असते याची तुम्हाला कल्पना नसेल, तुम्ही तिच्याशी फोनवर बोलता तेव्हा फोन हातभर लांब धरता असं मामी सांगत होत्या. आमच्या रांगेपुढे खास पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर एक बाई चमचमणारा लांब झगा घालून बसल्या होत्या. सभागृह अगदी शांत झालं, पडदा हलला, आणि आई माझ्या कानाशी लागून, अख्ख्या पुढच्या भागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिची चेन तिरकी बसलीय. घाईत शिवलंय." झग्याची पाठ ताठ झाली. त्या बाईंच्या नवऱ्याने मात्र वाकून पाहिलं, आणि बाकीचा सगळा कार्यक्रम त्या चेनकडे बघत काढला.

मी आईच्या दंडाला चिमटा घेतला आणि ओठांनी सांगितलं, बोलू नकोस. मामा, टेपवाल्या बाईंबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. गाताना कुणाचा फोन वाजला तर त्या ओरडत नाहीत. गाणं थांबवतात, हात मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, आधी तुमचं होऊ द्या. आणि खरोखर थांबून राहतात. एका माणसाने त्या भीतीने सभागृहात बसूनच फोनवर घराचा व्यवहार पुरा केला अशी गोष्ट सांगतात. त्या बाईंसमोर मी आईला घेऊन बसले होते.

बाई आल्या. टेपवरच्या आवाजापेक्षा खूप म्हाताऱ्या आणि उंचीने लहान. सोबत एक व्हायोलिनवाला आणि एक पियानोवाला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. कसं झालं ते मला विचारू नका. मी रंगमंचाकडे पाहिलंच नाही. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला ऐकू येतंय का? भुवई हलली, म्हणजे येतंय. पण ती बाईंच्या बाहीच्या शिवणीकडे बघत होती, म्हणजे येत नाहीये. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने शेजाऱ्यांचे हात पाहून टाळ्या वाजवल्या, किंवा मला तसं वाटलं. मध्येच तिला कात्रीची आठवण झाली आणि ती म्हणाली, "ती बाई कागद कापत असणार." सुदैवाने तेव्हा टाळ्या चालू होत्या. ज्या श्वासासाठी मी साहेबांशी भांडले तो बाईंनी किती वेळा घेतला कोण जाणे. मी माझाच रोखून बसले होते.

आणि मग ते गाणं आलं. पियानोवर पहिले सूर वाजले आणि आईचा उजवा पाय हलायला लागला, पायडलवर हलतो तसा. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, ऐकू येतंय. बाईंनी म्हटलं, खिडकीपाशी बसून मी ऊन शिवते. व्हायोलिन थोडं वाजलं. बाईंनी डोळे मिटले आणि पुढची ओळ घेतली, ती मधली, आमच्या टेपवर नसलेली. आणि त्याच वेळी आईची हनुवटी वर झाली, पाय क्षणभर थांबला, आणि ती गळा मोकळा करून गायली, येताना थोडी सावली आण.

सूर बरोबर होता, हे आधी सांगते.

पण मामा, समाधान तेवढंच. कारण मला कळलं. बाई काही वेगळंच गात होत्या आणि आई पुढे निघून गेली होती. तिला समोरचं गाणं ऐकू येतच नव्हतं. तिच्या डोक्यात टेप चालू होती, तुम्ही जोडलेली, 'टक'सकट. पुढच्या रांगेत, एवढ्या पैशांच्या खुर्चीत बसून ती घरचीच टेप ऐकत होती. मग घरी तरी ती टेपच ऐकते का? मध्यंतरी वीज गेली होती तेव्हा ती शिवता शिवता मला म्हणाली होती, जरा टेपचा आवाज कमी कर. मी हसले होते. मला वाटलं, थट्टा करतेय.

बाई थांबल्या. व्हायोलिनवाल्याचा गज हवेत राहिला. बाईंचे हात मांडीवर गेले. सगळं सभागृह आमच्याकडे वळलं. चेनवाल्या बाई तर अशा वळल्या की बऱ्याच वेळापासून संधी शोधत असाव्यात. बाजूच्या वाटेने बॅटरी घेतलेला एक माणूस येताना दिसला. धरणीने पोटात घेतलं तर बरं असं मला वाटलं, आणि तेही शक्य नव्हतं, खुर्ची फार मऊ होती.

"कोण गायलं ते?" बाईंनी विचारलं.

मी उठणार होते, खरंच. मी गायले म्हणून सांगणार होते. पण मला उशीर झाला. आई बाईंच्या ओठांकडे बघत होती. ती उभी राहिली, कपड्यांच्या चुण्या सरळ केल्या आणि म्हणाली, "मी. आमच्या टेपवर असंच आहे."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "मग तुमचं गाणं लवकर आटपतं. मी जरा लांबचं म्हणते. चालेल ना?"

आईने मान हलवली. डॉक्टरसमोर हलवली होती तशीच, समंजस. जणू परवानगी देतेय. बॅटरीवाला परत गेला. बाईंनी गाणं पहिल्यापासून धरलं. खिडकीपाशी आल्या, ऊन शिवून झालं, श्वास घेतला (हा एक मी ऐकला), त्यांची नजर आईवर गेली, आणि आयुष्यभर गायलेलं ते गाणं त्यांचं त्यांनाच चुकलं. त्या सरळ सावलीवरच आल्या. व्हायोलिनवाला मधल्या ओळींत एकटाच राहिला, आणि दचकून पळत येऊन त्याने त्यांना गाठलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला, हसल्या, आणि गाणं तसंच संपवलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं की बाईंनी या वयात जुन्या रचनेचा धाडसी संक्षेप करून दाखवला. मधल्या ओळी मात्र त्या सभागृहात धड कुणाच्याच वाट्याला आल्या नाहीत. पहिल्या खेपेला बाई त्या गायल्या तेव्हा मी आईच्या हनुवटीकडे बघत होते.

बाहेर आलो. कात्री परत मिळाली. तपासणाऱ्या बाईंनी त्याच कात्रीने बिस्किटांचा पुडा फोडला होता, चुरा अजून पात्याला होता. आईने बाहीचा एक सुटलेला धागा कापून पाहिला आणि म्हणाली, "गेली धार. आधी भाऊ, आता ही." मग रस्त्याच्या अगदी मधोमध ती थांबली. मी तिला ओढत पलीकडे नेलं. तिथे पोचल्यावर ती खुशीत म्हणाली, "किती स्वच्छ ऐकू आलं गं सगळं. आता सांग त्या डॉक्टरला."

असा माझा डाव फिरला, मामा. तिला कळावं म्हणून नेलं, आणि ती पक्की खात्री घेऊन घरी आली. आता शेजारपाजारी सांगते, कान गेले असते तर भर सभागृहात गाता आलं असतं का? लोकांना पटतं. यंत्राचं नाव काढलं की ती मशीनवर बसते आणि पायडल मारते. मला मात्र रोज वाटतं की दिवस निसटताहेत, ती सवय सुटत चाललीय, आणि एक दिवस मी तिला काहीतरी सांगेन आणि ती माझ्याऐवजी जुनं काहीतरी ऐकून मान हलवेल.

पैसे वसूल झाले का, हा तुमचा प्रश्न. तत्त्व म्हणून मी अजूनही म्हणेन की जायला हवं, परवडत नसलं तरी. साहेबांपुढे तर नक्की म्हणेन. पण आमच्यापुरतं विचाराल तर मला सांगता येत नाही. एकीला ऐकू आलं नाही आणि दुसरीने ऐकलं नाही.

मामींना नमस्कार. तुमच्या दुकानातल्या त्या आंधळ्या मांजरीला गोंजारा.

तुमची भाची

ता. क. आई म्हणते, मामाला लिही की त्याचंच खरं, तिथली खुर्ची मऊ होती पण स्पीकर कमजोर होते, घरचं गाणंच बरं. मी नुसती निरोप्या आहे.

ता. क. २ आता खरं काम. वर दोन-तीन पानं मी जे प्रत्यक्ष गाण्याच्या बाजूने लिहिलंय ते सगळं बाजूला ठेवा आणि तुमची ती मोठी स्पीकरची पेटी आणि ती मूळ तबकडी घेऊन इकडे या. लवकर या. तिला पेटीसमोर बसवा आणि अख्खं गाणं लावा. मधल्या ओळी आल्या आणि तरी ती सावलीवर गेली, तर तिला सांगणारे तुम्ही असाल, मी नाही. माझ्यावर ती भडकते. तुमच्यावर ती कात्रीपासूनच भडकलेली आहे, तुम्हाला त्यात नवं काही नाही. मला फार भीती वाटते, मामा.

ता. क. ३ मला ऑफिसला उशीर होतोय म्हणून पाकिटाला डिंक लावून टपालात टाकायला आईलाच देते आहे. काळजी करू नका. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

भाऊ,

दुसऱ्याची वाचत नाही. हे माझंच होतं, पोरगी भिंतीकडे तोंड करून लिहीत होती तेव्हाच समजलं.

पोरीला सांगू नको. मला तिथे काही ऐकू आलं नाही. पहिल्या गाण्यालाच समजलं मला, बाईचे ओठ हलतात नि आवाज लांबून गोधडीतून आल्यासारखा. पण ही रंगमंचाकडे बघेचना. सारखी माझ्या तोंडाकडे, चेहरा पांढराफटक. म्हटलं आता हिला चक्कर येते. एवढे पैसे घातलेत पोरीने. मला ऐकू येतंय असं वाटलं तर बसेल जरा शांत, ऐकेल. म्हणून आपलं गाणं ओठांवरून ओळखलं नि गायले. त्या टकचं ध्यानातच नाही राहिलं.

यंत्राचं बघू. तू ये मग जाऊ आपण. पण आधी ते गाणं. पेटी आण, तबकडी आण, मधे काय म्हणते ती बाई ते मलाही कळायला हवं एकदा. आवाज पुरता मोठा लाव. शेजारी ओरडले तर ओरडू देत, मला काय ऐकू येणार आहे.

कात्रीला धार लावून आण कुणाकडून तरी. सोबत देते.